न बोलता जिंकता आलं, तर खेळ बदला: गावच्या शाळेत खेळांतून इंग्रजी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी विदर्भातल्या एखाद्या खेड्यातलं सातवीचं पोरगं इंग्रजीचा धडा घडाघडा वाचतं आणि 'व्हेअर आर यू गोइंग?' असं विचारलं की खाली बघतं. त्याचं डोकं कमी नाही. स्वतःच्या तोंडाने इंग्रजी वाक्य बनवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. घरी वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू, कोलामी नाहीतर बंजारा, बाजारात मराठी-हिंदी. इंग्रजी दिसते ती खताच्या पोत्यावर आणि मोबाइलवर. बोलायची जागा म्हणाल तर एकच: शाळेतली ३५-४० मिनिटांची तासिका.

त्या तासिकेचा हिशेब मांडून बघा. वर्गात ३० मुलं आहेत. तुम्ही एकेकाला उभं करून एक वाक्य बोलायला लावलं, प्रत्येकाला ८ सेकंद लागले, तर एक फेरी ४ मिनिटांची झाली आणि त्या ४ मिनिटांत प्रत्येक मूल एकदाच बोललं. तीच मुलं जोड्यांनी बसून एकमेकांशी आलटून पालटून बोलली, तर तेवढ्याच वेळात प्रत्येकाची सहज १५ वाक्यं होतात. खेळ हवा तो एवढ्यासाठी. एकच वाक्य पंधरा वेळा म्हणायला मुलांना नुसतं सांगितलं तर ती कंटाळतात. खेळात त्या वाक्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून ती आपणहून म्हणतात.

त्यामुळे कुठलाही खेळ वर्गात नेण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: तोंडातून इंग्रजी वाक्य न काढता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो खेळ मैदानासाठी ठेवा. उदाहरणार्थ, फळ्यावर चित्रं काढून 'ॲपल' म्हटलं की धावत जाऊन ॲपलला हात लावायचा, हा खेळ पुष्कळ ठिकाणी होतो. मुलं खूश, वर्ग जागा. पण धावणारं मूल काहीच बोलत नाही, आणि बाकीची सगळी बघत बसतात. पहिलीतल्या मुलांना शब्द कानावर पडावेत म्हणून ५ मिनिटं ठीक आहे. पाचवीत तोच खेळ म्हणजे वेळ वाया.

दुसरी अट: नियम मुलांना आधीच माहीत असावेत. नवा खेळ समजावून सांगायला १० मिनिटं जातात, तीही मराठीत, आणि अर्ध्या मुलांना तरीही कळत नाही. आपल्याकडच्या मुलांना 'शिवाजी म्हणतो', मामाचं पत्र, चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या, नाव-गाव-फळ-फूल, हौजी, बिल्लस हे सगळं येतं. जुन्या खेळाच्या पोटात इंग्रजी वाक्य घाला, नियम तसाच ठेवा. जो एखाद-दुसरा नियम बदलणार असाल तो मराठीत सांगा, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं असतील तर वर्गातल्याच मोठ्या मुलाकडून त्यांच्या बोलीत सांगून घ्या. नियम इंग्रजीत सांगण्याचा आग्रह धरू नये. इंग्रजी खेळात बोलायची आहे, नियमात नाही.

सामान

विकतचं फ्लॅशकार्ड लागत नाही. लग्नसराईत घरोघरी पडलेल्या पत्रिका गोळा करायला मुलांना सांगा. जाड कागद असतो, बहुतेकांची एक बाजू कोरी निघते. एका पत्रिकेची दोन-चार कार्डं होतात. जोडीत किंवा गटात वापरायचं कार्ड ७ × १० सेंमी पुरतं. फळ्याजवळ धरून सगळ्या वर्गाला दाखवायचं असेल तर अक्षर निदान ५ सेंमी उंच हवं, नाहीतर मागच्या रांगेतलं मूल अंदाजाने बोलतं आणि आपल्याला वाटतं त्याला येत नाही.

प्रत्येक संचाच्या मागे वेगळ्या रंगाची खूण करा आणि कार्डांना अनुक्रमांक द्या. हे कंटाळवाणं काम एकदाच करावं लागतं. ते केलं नाही, तर तिसऱ्या खेळानंतर भाज्यांच्या संचात क्रियापदं शिरतात आणि चोवीसच्या संचात एकवीस कार्डं उरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पत्रिका वाकतात, वाळवी आणि उंदीर आहेतच. झाकणाच्या बरणीत ठेवा, वर चिकटपट्टी मारली तर दोन वर्षं टिकतात. पैशांऐवजी आणि गुणांसाठी चिंचोके. पाचशे-सहाशे चिंचोके एका डब्यात कायमचे असू द्यावेत.

आधी सहा वाक्यं

खेळताना मुलं सगळ्यात जास्त काय बोलतात? 'माहा नंबर हाय', 'तुह्यी बारी', 'थांब ना', 'पुन्हा म्हण', 'मी जिंकलो'. खेळाचं वाक्य इंग्रजीत आणि बाकी सगळी बडबड बोलीत, असं होतं. ते पहिल्या आठवड्यात बदलता येतं. 'माय टर्न', 'युवर टर्न', 'वेट', 'से इट अगेन', 'आय डोन्ट नो', 'आय वन' एवढं सहा ओळींत भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. प्रत्येक वाक्याला हाताची एक खूण ठरवा. कुठलाही खेळ सुरू होण्याआधी एक मिनिट ही सहा वाक्यं खुणांसह म्हणून घ्या. दहा-बारा दिवसांत ती मुलांच्या तोंडी बसतात आणि मधल्या सुट्टीत कंचे खेळतानाही ऐकू येऊ लागतात. बोलीवर बंदी घालू नका, दंड तर अजिबात नको. बंदी घातली की बोलकी मुलंही गप्प होतात.

शिवाजी म्हणतो

सुरुवात या खेळाने करावी, कारण यात मुलाला आधी फक्त ऐकून कृती करायची असते. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली: आज्ञा ऐकायची, अंगाने करायची, बोलणं मागाहून येतं. लहान मूल घरची भाषाही असंच शिकतं.

एका वेळी नव्या आज्ञा पाचच घ्या. 'स्टँड अप', 'टर्न अराउंड', 'टच युवर नी', 'ओपन द डोअर', 'पिक द कॉटन' वगैरे. पहिल्या फेरीत तुम्ही बोलता बोलता स्वतः कृती करा. दुसऱ्या फेरीत आधी बोला, दोन सेकंद थांबा, मग करा. मुलं तुमच्या आधी करू लागतात. तिसऱ्या फेरीत तुम्ही हात बांधून उभे राहा. मग 'शिवाजी सेज' जोडा. चौथ्या दिवसापासून आज्ञा देणारी मुलंच असावीत. दोन-दोन मिनिटांनी बदला, म्हणजे एका खेळात पाच-सहा जण बोलतात. त्यानंतर चौघा-चौघांचे गट करून प्रत्येक गटात एक आज्ञा देणारा ठेवला, की बोलण्याची संख्या एकदम वाढते.

इथे एक नियम मात्र मोडायलाच हवा: 'आऊट'. मूळ खेळात चुकणारा बाहेर बसतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच दुसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकतो आणि उरलेला वेळ हुशार पाच जण खेळतात. शाळेतल्या अर्ध्याअधिक खेळांना ही खोड आहे. त्याऐवजी प्रत्येकाला पाच चिंचोके द्या. चुकला तर एक परत करायचा, खेळ चालू ठेवायचा.

दुसरी अडचण नक्कल. मागची मुलं पुढच्यांचं बघून करतात आणि वर्गाला सगळं येतं असा भास होतो. एक फेरी डोळे मिटून घ्या. कोणाला खरोखर कळतं ते त्या फेरीत दिसतं.

आठवडी बाजार

सगळ्या मुलांनी बाजार पाहिलेला असतो, भाव करणंही माहीत असतं. हा खेळ २४ मुलांसाठी असा मांडा.

आठ दुकानं, आठ जिनसा: ऑरेंजेस, टोमॅटोज, पोटॅटोज, ओनियन्स, चिलीज, ब्रिंजल्स, लेमन्स, कॅरट्स. प्रत्येक दुकानात तीन जिनसा, प्रत्येक जिन्नस तीन दुकानांत. एका दुकानात तिचा भाव १० रुपये, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २०. दुकानदाराकडे प्रत्येक जिनसेच्या चार चिठ्ठ्या आणि त्याचा भावफलक, जो तो कोणालाही दाखवणार नाही. उरलेली सोळा मुलं गिऱ्हाईक. प्रत्येकाला १२ चिंचोके, एक चिंचोका ५ रुपयांचा, म्हणजे ६० रुपये. प्रत्येकाची यादी चार जिनसांची, सगळ्यांची वेगवेगळी. चारही जिनसा घेऊन ज्याच्याकडे जास्त पैसे उरतील तो जिंकला. दुकानदारांत ज्याचा गल्ला मोठा तो.

वाक्यं चारच: 'डू यू हॅव ओनियन्स?', 'यस, आय डू' किंवा 'सॉरी, आय डोन्ट', 'हाऊ मच आर दे?', 'टेन रुपीज'. खेळाआधी ही वाक्यं दोन रांगा समोरासमोर उभ्या करून ५ मिनिटं घोकून घ्या.

या रचनेत प्रत्येक गोष्ट वाक्य पुन्हा म्हणायला लावण्यासाठी आहे. भाव वेगवेगळे असल्यामुळे गिऱ्हाइकाला दोन-तीन दुकानांत विचारावंच लागतं. चिठ्ठ्या चारच असल्यामुळे स्वस्त दुकानातला माल संपतो आणि 'सॉरी, आय डोन्ट' खऱ्या कारणाने म्हणावं लागतं. सगळीकडे एकच भाव लिहिला तर मुलं पहिल्या दुकानात सगळं घेऊन तीन मिनिटांत मोकळी होतात.

काय बिघडतं? पहिलं म्हणजे मुलं यादी दुकानदारापुढे धरतात आणि बोट दाखवतात. म्हणून यादी हातात द्यायचीच नाही. ती 'घरी', म्हणजे मागच्या भिंतीवर लावायची. एक जिन्नस पाठ करायची, आणायची, पुन्हा घरी जाऊन पुढची बघायची. दुसरं, भाव ऐकल्याबरोबर घासाघीस बोलीत सुरू होते. दुकानदाराला मराठी कळत नाही, असं आधीच जाहीर करा. मराठीत विचारलं तर त्याने फक्त 'से इट अगेन' म्हणायचं. हे दुकानदार मुलांना फार आवडतं आणि ती ते कडकपणे पाळतात. तिसरं, गर्दी. दुकानं एका ओळीत मांडू नका, वर्गाच्या चारी बाजूंना पसरवा, जमल्यास व्हरांड्यातही.

८ मिनिटांनी आठ गिऱ्हाइकांना दुकानदार करा. तीन फेऱ्यांत सगळ्यांचं दुकान होतं. पण एका दिवसात तिन्ही फेऱ्या नकोत, तिसरीत उत्साह उतरतो.

जिनसा मुद्दाम सगळ्या अनेकवचनी घेतल्या आहेत. राइस, शुगर, सॉल्ट पुढच्या आठवड्यात आणा, कारण तिथे 'हाऊ मच इज' होतं आणि दोन्ही एकदम आले की मुलं गोंधळतात. शब्दही आपल्या भागात चालणारेच घ्यावेत. वांग्याला ब्रिंजल, भेंडीला लेडीज फिंगर. अंबाडी, ज्वारी, मोहफुलं यांना इंग्रजी शब्द शोधत बसू नका. तेच शब्द इंग्रजी वाक्यात घातले तरी वाक्याचा सराव होतो.

चोर कोण

पाचवी ते सातवीसाठी आमच्या मते याहून चांगला खेळ नाही. भूतकाळ, 'वॉज-वर' आणि 'आयएनजी' एकदम पक्कं होतं, आणि सगळी मुलं सगळा वेळ बोलत असतात.

२५ मुलांसाठी २५ चिठ्ठ्या. त्यांतल्या २४ म्हणजे १२ जोड्या, एक चोराची. चार जागा आणि प्रत्येक जागी तीन कामं ठरवा. 'इन द फील्ड' असताना पिकिंग कॉटन, कटिंग ग्रास, ड्रायव्हिंग अ ट्रॅक्टर. 'ॲट द रिव्हर' कॅचिंग फिश, वॉशिंग क्लोद्स, स्विमिंग. 'इन द मार्केट' सेलिंग ऑरेंजेस, बाइंग शूज, ड्रिंकिंग टी. 'ॲट होम' स्लीपिंग, कुकिंग, वॉचिंग टीव्ही. एका जोडीच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर जागा आणि काम सारखं. खाली तिसरी ओळ: त्या दोघांनी काय खाल्लं. 'पोहे', 'बनाना', 'राइस', जोडीजोडीला वेगळं. चोराच्या चिठ्ठीवर फक्त 'थीफ'.

१. बारा कामं आधी 'शिवाजी म्हणतो'सारखी कृतीने करून घ्या. ५ मिनिटं.

२. फळ्यावर दोन प्रश्न लिहा: 'व्हेअर वर यू ॲट टेन ओ'क्लॉक?' आणि 'व्हॉट वर यू डूइंग?' शेजारी उत्तरांचा साचा: 'आय वॉज इन द फील्ड.' 'आय वॉज पिकिंग कॉटन.'

३. चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकाने आपली वाचून खिशात टाकायची. खेळ संपेपर्यंत बाहेर काढायची नाही.

४. सगळ्यांनी फिरायचं आणि आपला जोडीदार शोधायचा. दोघांनी एकमेकांना दोन्ही प्रश्न विचारायचे. जागा जुळली तरी काम जुळेलच असं नाही, म्हणून दुसरा प्रश्न टळत नाही. 'सेम', 'मी टू' चालणार नाही, पूर्ण वाक्यच हवं.

५. जुळलं की दोघांनी तुमच्याकडे येऊन म्हणायचं: 'वी वर इन द फील्ड. वी वर पिकिंग कॉटन.' मग खाली बसायचं.

६. चोर कानोसा घेत फिरतो आणि कोणाची तरी कहाणी आपली म्हणून सांगतो. त्याला खरा जोडीदार फसला, तर शेवटी एक खरं मूल एकटं उरतं. ७ मिनिटांनी खेळ थांबवा.

७. एकटा उरलेला चोरच निघाला तर चोर हरला. खरं मूल उरलं असेल, तर एकच कहाणी सांगणारी तिघं पुढे बोलवा. वर्गाने विचारायचं, 'व्हॉट डिड यू ईट?' तिघांनी एकाच वेळी पाटीवर लिहायचं, मग पाट्या वर. दोन पाट्या जुळतात, तिसरी चोराची. तेवढ्यात त्याने अंदाजाने बरोबर लिहिलं, तर मान्य करा, तो जिंकला.

चोराची चिठ्ठी पहिल्या वेळी बोलक्या मुलाच्या हाती जाईल असं बघा. लाजरं मूल चोर झालं तर ते कोपऱ्यात उभं राहतं आणि खेळाचा जीव जातो. त्याला तिसऱ्या-चौथ्या वेळी द्या, तोवर वाक्यं तोंडात बसलेली असतात. हजेरी रोज बदलते. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीत तर तीसचा पट वीसवर येतो. त्या दिवशीची मुलं मोजून पूर्ण जोड्या काढून टाका. संख्या सम असली तर तुम्ही स्वतः एक चिठ्ठी घ्या. हे मोजणं राहिलं तर दोन-तीन मुलं विनाकारण एकटी उरतात आणि चोर कोण ते कळतच नाही.

जागांच्या आधीचं 'इन' आणि 'ॲट' नियमाने समजावत बसू नये. मराठीत 'शेतात', 'नदीवर', 'घरी' असं शब्दाच्या मागे लागतं, इंग्रजीत आधी येतं. 'ॲट होम' एकच शब्द असल्यासारखा पाठ होऊ द्या.

कानाचे खेळ

'शिप' आणि 'शीप' यांतला फरक आपल्या मुलांना लिहिलेला दिसतो, पण ऐकू येत नाही, कारण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घावर आपण फारसं अडत नाही. अंगणात खडूने रेघ ओढा. 'शिप' ऐकलं की डावीकडे उडी, 'शीप' ऐकलं की उजवीकडे. 'फिट-फीट', 'फिल-फील', मग 'पेन-पॅन', 'मेन-मॅन'. एका दिवशी एकच जोडी, ३ मिनिटं. तीन दिवसांनी मुलाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उडी मारायची. सगळे चुकीच्या बाजूला गेले, तर म्हणणाऱ्याला आपोआप कळतं. तुमच्या ओठांकडे बघून मुलं ओळखतात, म्हणून तोंडासमोर वही धरा.

'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणणाऱ्या मुलांना टोकू नका. सापासारखा लांब 'स्स्स्स' काढायला लावा आणि त्याला 'कूल' जोडा. आठवडाभर परिपाठानंतर एक मिनिट पुरतं.

हौजीचा उपयोग 'थर्टीन-थर्टी', 'फिफ्टीन-फिफ्टी' अशा सगळ्या जोड्यांसाठी करा. ३ × ३ च्या चौकटीत मुलं हेच आकडे स्वतः निवडून लिहितात. आकडा पुकारणारं मूल रोज वेगळं. जिंकणाऱ्याने आपले तिन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ओळ मान्य करायची नाही, नाहीतर हा फक्त ऐकण्याचा खेळ होतो.

लिहिण्याकडे नेणारे दोन

पळतं शुद्धलेखन चौथीपासून जमतं. पाच छोटी वाक्यं, प्रत्येकी पाच-सहा शब्दांची, बाहेरच्या भिंतीवर लावा. जोडीतला एक ८-१० मीटर जाऊन वाचतो, डोक्यात धरून येतो, सांगतो, दुसरा लिहितो. दोन वाक्यांनंतर बदल. मुलं भिंतीजवळूनच ओरडून सांगतात, म्हणून जोडीदाराच्या शेजारी बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पावसाळ्यात फरशी निसरडी असते, तेव्हा हात मागे बांधून चालायचं. स्पेलिंग सांगताना 'बी' आणि 'डी' यांची गल्लत सतत होते. 'बी फॉर बॉल', 'डी फॉर डॉग' असं म्हणायची सवय लावा.

नाव-गाव-फळ-फूल मुलांना आवडतं, पण मूळ खेळात कोणी बोलत नाही. रकाने 'नेम, प्लेस, ॲनिमल, थिंग' ठेवा आणि गुण फक्त वाक्याला द्या: 'आय सॉ अ गोट इन गोंदिया.' वाक्य गमतीदार झालं तरी चालेल, बरोबर असलं की झालं.

गट, आवाज, ऋतू

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक खेड्यांत एका गुरुजींपुढे दोन-तीन वर्ग एकत्र बसतात. बाजाराच्या खेळात पहिली-दुसरीची मुलं चिठ्ठ्या आणि चिंचोके सांभाळतात, 'हिअर यू आर' आणि 'थँक यू' म्हणतात. तिसरी-चौथीची मुलं भाव विचारतात. लहानांना वेगळा खेळ देऊन त्यांच्याकडे पाठ फिरवली, तर दोन्हीकडे गोंधळ होतो.

सहावी-सातवीत मुलं-मुली एकमेकांशी जोडी करायला बिचकतात. दोन मुलं आणि दोन मुली असा चौघांचा गट केला की ताण कमी होतो. किंवा दोन रांगा समोरासमोर उभ्या करा आणि दर मिनिटाला एक रांग एक पाऊल सरकवा. जोडी कोणी निवडत नाही, आपोआप बदलत राहते.

आवाज होणारच. शेजारच्या वर्गाची अडचण होत असेल तर चोराचा खेळ कुजबुजत खेळा, तो तसाही कुजबुजत जास्त रंगतो. थांबण्याची खूण एकच असू द्या: तुमचा हात वर, मुलांचा हात वर, तोंड बंद. ओरडून थांबवू नये, आवाजावर आवाज चढतो.

विदर्भातली शाळा जूनच्या अखेरीस उघडते, ती पावसातच. पहिले दोन महिने वर्गात आणि व्हरांड्यात मावतील असेच खेळ ठेवा. अंगणातले उड्यांचे आणि धावण्याचे खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या उन्हात. मार्चपासून शाळा सकाळची झाली तरी साडेनऊनंतर अंगण तापतं, अनवाणी पोरांचे पाय पोळतात. तेव्हा कार्डं आणि हौजी.

चुका केव्हा सुधारायच्या

खेळ चालू असताना मध्ये बोलू नका. फिरत राहा, ऐका, खिशातल्या वहीत चुका टिपा. खेळ संपल्यावर तीनच चुकीची वाक्यं फळ्यावर लिहा, कोणाची ते न सांगता, आणि मुलांकडून दुरुस्त करून घ्या. अपवाद एकच: ज्या वाक्यावर सगळा खेळ उभा आहे तेच चुकत असेल, म्हणजे 'हाऊ मच दे?' असं निम्मा वर्ग म्हणत असेल, तर ताबडतोब थांबवा. नाहीतर चुकीचं वाक्य पंधरा वेळा पक्कं होतं आणि पुढे ते उपटणं कठीण जातं.

बक्षीस म्हणून चॉकलेट नको. दोन दिवसांनी मुलं चॉकलेटसाठी चिठ्ठ्या लपवू लागतात. गुण गटाला द्या आणि शनिवारी मोजा.

प्रत्येक खेळानंतर ५ मिनिटं वही उघडायचीच. आज जे बोललो त्यांतली चार वाक्यं, तारखेसह. याचा उपयोग दोन प्रकारचा आहे. बोललेलं लिहिलं की टिकतं. आणि 'शाळेत नुसते खेळवतात' अशी आई-वडिलांची किंवा भेटीला आलेल्या साहेबांची शंका त्या वहीतून तिथल्या तिथे मिटते. पालकसभेत बाजाराचा खेळ मांडून आयांनाच गिऱ्हाईक करता आलं, तर फारच उत्तम.

खेळाने काम केलं की नाही हे खेळाच्या वेळी कळत नाही. दररोज पाच मुलं ठरवा आणि फक्त त्यांच्याकडे कान द्या: पूर्ण वाक्य आलं, अर्धं आलं, की शेजाऱ्याने सांगितलं. आठवड्यात सगळा वर्ग होतो. मग दहा दिवसांनी, कार्ड नसताना, पोषण आहाराच्या रांगेत सहज विचारा: 'व्हॉट वर यू डूइंग ॲट सेव्हन ओ'क्लॉक?' मुलाने फळ्याकडे न बघता उत्तर दिलं तर तो संच महिनाभर बरणीत ठेवा आणि पुढचा काढा. अडखळलं तर तोच खेळ नव्या चिठ्ठ्यांनी पुन्हा खेळा, कामं बदला, जागा बदला, वाक्याचा साचा तोच राहू द्या.